लीन कोणी व्हायचं?

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. धाकट्या जावेने फोन करून विचारलंसुद्धा, "ताई, तुमचा ब्लॉग बंद पडला का?" बंद नव्हता पडला. त्या काळात मी दुसरीच एक वही लिहीत होते. आजचं लिखाण त्या वहीतूनच निघालं आहे. लांबलं तर सांभाळून घ्या. जरा चिडून लिहिलं आहे, तेही सांभाळून घ्या.

वहीवर मी नाव घातलं होतं 'हेलपाटे'. शाळेची सवय, वहीला नाव नसेल तर मला चैन पडत नाही. हे गेले त्यानंतर घरपट्टीच्या नोंदीत त्यांच्या जागी माझं नाव लावायचं होतं. घर आमचं, बांधलं आम्ही, कर एक वर्ष चुकवला नाही. अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, वारसांची संमती द्यायची, झालं. असं मला वाटलं होतं. जून २०२५ पासून ऑक्टोबरपर्यंत मी आमच्या गावच्या नगरपालिकेत नऊ वेळा गेले. (गावाचं नाव लिहीत नाही. नातेवाइकांना ठाऊक आहे, बाकीच्यांना कळून उपयोग नाही, कारण त्यांचं गाव वेगळं असलं तरी नगरपालिका बहुधा अशीच असेल.)

पहिल्या खेपेला साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्या खेपेला कळलं की मृत्यूच्या दाखल्यावर ह्यांच्या नावात एक मात्रा जास्त आहे आणि घरपट्टीच्या रजिस्टरात ती नाही. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या मात्रा लाल शाईने सुधारल्या, आणि शेवटी ह्यांच्याच मात्रेनं मला धरलं! "दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा." तिसऱ्या खेपेला ते नेलं तर म्हणाले, हे साध्या कागदावर आहे, मुद्रांकावर करून आणा. २०१५ साली राज्य शासनानं प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र घ्यावं असा निर्णय काढला होता. तो मी वाचलेला होता, आणि तसं मी म्हटलंही. समोरच्या माणसानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला. चौथ्या खेपेला सर्व्हर बंद.

पाचवी खेप सविस्तर सांगते. नगरपालिका कुठल्याशा स्पर्धेत उतरली होती. दालनात रंगाचा वास. भिंतीवर फलक लागलेले, पाच ओळींचे, प्रत्येक ओळ 'स'नं सुरू होणारी. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले, इथे खुर्ची, इथे कचऱ्याची टोपली. दारात कुंड्या. आणि कपाटं रंगवायला काढली म्हणून फायली पोत्यांत भरून मागच्या खोलीत! माझा अर्ज त्यातल्या कुठल्या पोत्यात आहे हे कोणाला सांगता येईना. कार्यालय सुधारत होतं, म्हणून माझं काम थांबलं होतं.

सहाव्या खेपेपर्यंत टेबलावरचा माणूस बदलला होता. सातव्या खेपेला सांगितलं, पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणा. तो कुठे मिळतो? त्याच दालनात, दोन टेबलं सोडून. बारा पावलं. मी मोजली. त्या टेबलावर अर्ज केला, फी भरली, दाखला "परवा या". आठव्या खेपेला दाखला मिळाला, तो बारा पावलं चालून मी या टेबलावर दिला, तेव्हा कुठे माझा अर्ज रीतसर दाखल झाला. नवव्या खेपेला नोंदीचा उतारा हातात पडला.

आता गंमत ऐका. उताऱ्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, अर्ज दाखल दिनांक अमुक, निकाली दिनांक तमुक. मधे बारा दिवस. मुदतीच्या आत! म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी माझं काम म्हणजे तत्परतेचा नमुना. माझ्या वहीत नऊ खेपा, त्यांच्या वहीत बारा दिवस. कोणी खोटं लिहिलेलं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यात सेवेची मुदत ठरवून दिली आहे, ती चुकली तर अपील आहे, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मुदतीचं घड्याळ सुरू होतं ते परिपूर्ण अर्ज आल्यावर. तो परिपूर्ण व्हायच्या आधीच्या सात खेपा कुठल्याच घड्याळात नाहीत.

दिवाळीला भाचा आला होता. चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो गुणवत्ता विभागात आहे. त्यानं माझी वही चाळली आणि ओरडलाच, "मावशी, ही तर व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग झाली! हे लीनमधलं आहे." मी म्हटलं, लीन? मला आठवलं ते भजन. देवापुढे, संतांपुढे माणूस लीन होतो. तो हसायला लागला. मग रात्री जेवणानंतर दोन तास त्यानं मला समजावून सांगितलं, आणि नंतर मीही पुष्कळ वाचलं. (निवृत्त माणसाला वेळेची ददात नसते, हे नगरपालिकेलाही ठाऊक असावं.)

लीन म्हणजे सडपातळ, फाजील काही न ठेवणारं. टोयोटाच्या पद्धतीला हे नाव १९८८ साली जॉन क्राफचिक या अमेरिकी अभ्यासकानं दिलं. पद्धत त्याआधीची. ताइची ओनो या टोयोटाच्या अभियंत्यानं वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. वाट पाहणं, उगाच ने-आण, उगाच हालचाल, नको इतकं उत्पादन, नको इतका साठा, नको इतकी प्रक्रिया, आणि चुका. जपानीत त्याला 'मुदा' म्हणतात. (आपल्या 'मुदत'शी काही नातं नाही, तरी मला ते जुळवून बघावंसं वाटलं. :) ) आणि वाया काय गेलं ते ठरवायचं कोणी? ज्याला वस्तू घ्यायची आहे त्याच्या बाजूनं बघून. कारखान्याच्या बाजूनं नव्हे. सगळी मेख इथे आहे. मला घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव हवं होतं. मुद्रांक, पोतं, बारा पावलं, यातलं काहीच मला नको होतं.

पण मला जे भिडलं ते यापेक्षा जुनं आहे. टोयोटा घराणं मुळात मागांचं! साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा. घरात बायका मागावर विणताना त्यानं पाहिल्या आणि १८९१ साली लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. पुढे १९२४ साली त्याचा जो स्वयंचलित माग आला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. माझं माहेर इचलकरंजीचं, वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. आमच्याकडच्या साध्या मागांवर उभा धागा तुटला तरी माग खडखडत चालूच राहायचा. कामगाराचं लक्ष गेलं तर गेलं, नाहीतर हातभर कापडात खोट. आणि ती खोट कापणार कोणाच्या मजुरीतून, तर त्याच कामगाराच्या. वडील रात्री जेवताना त्याच गोष्टी सांगायचे.

टोयोटानं हीच कल्पना मोटारीच्या कारखान्यात नेली. कामगाराजवळ एक दोरी. काही चुकतंय असं दिसलं की त्यानं ती ओढायची. मुकादम धावत येतो. जागच्या जागी चूक सुधारली नाही, तर सगळी रांग थांबते. साध्या कामगाराच्या हातानं! आणि त्यासाठी त्याला कोणी रागावत नाही.

आता मला सांगा, आमच्या नगरपालिकेत ती दोरी कुठे आहे?

सहाव्या खेपेला जो नवा माणूस टेबलावर बसला होता, तो माझा विद्यार्थी निघाला. आठवीत मराठी शिकवलेला. मला बघून उभा राहिला, "बाई, तुम्ही कशाला रांगेत?" मी म्हटलं, रांगेतच बरी. सातव्या खेपेला गर्दी ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, दिवसभरात माझ्याकडे दहा माणसं आली तर सहा-सात नुसतं विचारायला येतात. कुठला कागद राहिला, कधी येऊ, साहेब आहेत का. पाणीपट्टीचा दाखला लागतो हे बाहेरच्या यादीत लिहिलेलंच नाही. मी दोनदा सांगितलं." मी विचारलं, पाणीपट्टीची नोंद तुझ्याच संगणकावर दिसत नाही का रे? "दिसते की!" मग बघून खूण का करत नाहीस? "तसं लिहून दिलेलं नाही, बाई. उद्या काही चुकलं तर नोटीस मला."

ब्रिटनमध्ये जॉन सेडन नावाचे एक गृहस्थ आहेत. सार्वजनिक सेवांमध्ये आलेल्या लीनवर ते सडकून टीका करतात. त्यांचा मुद्दा असा, की कार्यालयात येणारं काम दोन जातींचं असतं. एक खरं काम. दुसरं, पहिल्यांदा नीट न केल्यामुळे पुन्हा पुन्हा उगवणारं काम. हे दुसरं तुम्ही कितीही झपाट्यानं उरका, ते काम नव्हेच. माझ्या विद्यार्थ्यानं सेडनचं नाव ऐकलेलं नाही, तरी त्याला हे ठाऊक आहे. ते वर्षानुवर्षं त्याच्या टेबलावर पडलेलं आहे. त्याला कोणी विचारलं नाही, एवढंच. भिंतीवर पाच 'स' लावायला मात्र बाहेरून माणूस आला होता.

माझा राग आहे तो यावर. लीनवर नाही. लीनचं जे झालं त्यावर. कारखान्यातून नगरपालिकेत येताना ते वाटेत दोरी टाकून आलं आणि पिवळे पट्टे तेवढे घेऊन आलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. २००७ च्या सुमारास ईशान्य इंग्लंडमध्ये तिथल्या कर खात्याच्या एका कार्यालयात लीनच्या नावाखाली टेबलांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पेन इथे, संगणक इथे. टेबलावरचं केळं 'चालू कामाचं' आहे का, असं कर्मचाऱ्यांना विचारल्याची हकीगत तेव्हा वर्तमानपत्रांत गाजली. कर्मचारी संघटना खवळली ती योग्यच. उलट अमेरिकेत डेन्व्हर शहरानं २०१० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्याच कर्मचाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली, की स्वतःच्या कामातलं वाया जाणारं तुम्ही शोधा आणि तुम्हीच सुधारा. फरक कुठे आहे ते दिसतंय ना?

आमचे एक दीर नगरपालिकेतून निवृत्त झाले. ते हा ब्लॉग वाचतात, आणि हे वाचून रागावणार हे मला माहीत आहे. फोनवर थोडं बोलणं झालंच आहे. ते म्हणाले, "वहिनी, जपानचं काय कौतुक? आमच्या वेळी सहा गठ्ठा पद्धत होती." खरं आहे त्यांचं. चालू कामाचे कागद, उत्तराची वाट पाहणारे, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे, असे सहा गठ्ठे. भाच्याचा पहिला 'स' म्हणजे हेच की! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना कलेक्टर होते. त्यांनी कार्यालयाची बसण्याची रचना, दप्तर, कामाच्या पद्धती सगळं बदललं, आणि 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. २०१७ साली पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम घेतली. या माणसांबद्दल मला आदर आहे. पण भाऊजी, मग मला सांगा, सहा गठ्ठे तुमच्याकडे इतक्या वर्षांपासून होते, तर माझी फाईल पोत्यात कशी गेली? अधिकारी येतो, पद्धत येते. अधिकाऱ्याची बदली होते, पद्धत गठ्ठ्यात जाते. बहुतेक वेळा सहाव्या.

दुसरं असं, की यात फाईल कार्यालयात किती दिवस पडून राहिली तेवढंच मोजलं जातं. २००५ साली शासकीय कर्मचाऱ्यांसाठी कायदा झाला, त्यातही तेच. एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल राहू नये. छान. पण फाईलचे दिवस मोजणारे कायदे आपण केले, आणि माणसाच्या खेपा मोजायच्या राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम काढली. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण असे मुद्दे, आणि मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे. हेतू चांगला होता, काही ठिकाणी कामंही झाली असतील. पण मी मास्तरीण आहे. कुठलाही धडा सुरू केला की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नसेल तर वही मिटायची. कुंडी दिसते, रंग दिसतो, त्याचा फोटो निघतो. माझी न झालेली चौथी खेप कुठल्या फोटोत दिसणार?

"नागरिक म्हणजे काही गिऱ्हाईक नव्हे, कारखान्याची पद्धत इथे चालायची नाही" असंही काही जण म्हणतात. मला पटतं. गिऱ्हाईक मी नाहीच. गिऱ्हाईकाला एका दुकानात अपमान झाला तर समोरचं दुकान असतं. मला घरपट्टीची दुसरी नगरपालिका कुठून मिळणार? म्हणून तर इथे जास्त काळजी घ्यायला हवी. आणि सगळाच वेळ वाया असतो असं मी म्हणत नाही. मुलीची संमती लेखी घेतली, ओळख तपासली, हे योग्यच झालं. उद्या माझ्या माघारी कोणी झटपट घर नावावर करून घ्यायला लागला तर? तिथे सावकाशीच हवी. पण मुलीची संमती तपासायला पाच मिनिटं लागली. बाकीचे पाच महिने कशाला लागले?

एक गोष्ट आणखी. लीन म्हटलं की काही साहेबांच्या डोळ्यांसमोर पदं कमी करणं येतं. सडपातळ म्हणजे माणसं काढा! आमच्या पालिकेत आधीच एकेक कारकून दोन टेबलं सांभाळतो. टोयोटावर १९५० साली मोठं संकट आलं होतं, संप झाला, मोठ्या संख्येनं कामगारांना जावं लागलं. पण त्या वेळी संस्थापक किइचिरो टोयोदानं स्वतः राजीनामा दिला. नंतर नोकरीच्या शाश्वतीवर तिथली सगळी घडी बसली. आपलीच खुर्ची जाणार असेल तर कोण सांगेल की माझ्या टेबलावरचं निम्मं काम फुकटचं आहे? माझा विद्यार्थी तरी सांगणार नाही, आणि मी त्याला सांग म्हणणारही नाही.

इतकं लिहिल्यावर माझंही एक सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं दुसऱ्याकडे बोट होईल.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी प्रभारी मुख्याध्यापिका होते. शाळा सोडल्याचे दाखले मी मंगळवारी आणि शुक्रवारीच सही करायची. शिस्त म्हणून. वर्गावरही जायचं असायचं. एक बाई वीटभट्टीवर काम करायची, मुलाचा दाखला हवा होता. पहिल्यांदा आली तो सोमवार. मंगळवारी आली तर मुलाच्या जन्मतारखेत खाडाखोड होती, लिपिक म्हणाला रजिस्टर बघावं लागेल, शुक्रवारी या. शुक्रवारी आली तेव्हा कापडात बांधलेली भाकरी व्हरांड्यात बसून खात होती. मी सही केली, आणि तिला वर म्हटलंसुद्धा, "तारखेकडे आधीच लक्ष द्यायला हवं होतं." तिनं मान हलवली. तीन दिवसांचा रोज बुडाला तिचा. आमच्या आवक-जावकला मात्र नोंद अशी, की अर्ज मंगळवारी, दाखला शुक्रवारी, तीन दिवसांत निकाली. त्या वेळी मला ती नोंद बघून बरं वाटलं असणार. ती बाई माझ्या डोक्यात आली ती आता, माझ्या बाराव्या पावलाला.

म्हणून मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. सल्लागार आणा, स्पर्धा घ्या, असं काही नाही. दोनच मागण्या. प्रत्येक अर्जावर वर एक चौकट छापा, 'या कामासाठी आपण कितव्यांदा येत आहात?' आणि तो आकडा महिन्याच्या महिन्याला दारातल्या कुंडीशेजारी लावा. फाईलचे दिवस लावता तसाच. आणि दुसरी, दर शनिवारी किंवा तुम्हाला सोयीच्या दिवशी टेबलावरच्या कर्मचाऱ्यांना अर्धा तास विचारा, कुठला कागद फुकटचा मागावा लागतो, आणि सांगणाऱ्याला नोटीस मिळणार नाही असं लेखी द्या. पाणीपट्टीच्या दाखल्यापासून सुरुवात करा. बारा पावलांचं अंतर आहे, एका दिवसात मिटेल.

भाचा म्हणाला, "मावशी, यात लीनचा शब्दसुद्धा नाही." मी म्हटलं, मुद्दाम नाही घातला. घातला की ते फलक करून लावतील.

कालच उत्तर आलं. चार ओळींचं, व्याकरण बऱ्यापैकी शुद्ध. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने चर्चा करणेकामी कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहावे.' वार, वेळ काही दिलेली नाही. साहेब कधी असतात ते विद्यार्थ्याला फोन करून विचारलं, तर तोही म्हणाला, "बाई, ते इथे आल्यावरच कळेल."

बुधवारी जाते आहे. वहीत दहावी ओळ आखून ठेवली आहे.